मुंगसानं पिल्लं नेली, असं मी सांगितलं

आमच्या घरामागे पऱ्हाटीचा ढीग असतो. कापूस वेचून संपला की उभी झाडं उपटायची, वाळवायची आणि वर्षभराच्या सरपणासाठी घरी आणून रचायची, अशी इकडची रीत आहे. आमचा ढीग एका जुन्या दगडी चौथऱ्याला टेकलेला आहे. तिथं पूर्वी गोठा होता. चौथऱ्याच्या एका कोपऱ्यातला दगड निसटून बीळ झालं होतं. त्या बिळात एक मुंगूस राहत होतं.

मी चौथीपर्यंत शिकले. गावात तेव्हा शाळा तेवढीच होती, पुढची नाल्यापलीकडच्या गावात. तिकडे मुली जात नसत. माझ्या मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर हे लिहीत आहे. कोणाला दाखवायचं नाही. चार माणसांत बोलायला उभी राहिले की माझा घसा बंद होतो. लिहिताना तसं होत नाही.

मुंगूस मी पाहिलं ते भांडी घासता घासता. भांडी घासायची जागा आणि बीळ यांत वीसेक पावलांचं अंतर. ते दिवसा फिरणारं जनावर आहे. ऊन जरा तापलं की बिळातून आधी नाक यायचं, मग लालसर डोळे, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम सगळं अंग बाहेर. पाय इतके आखूड की पोट मातीला लागतं की काय असं वाटावं, आणि शेपूट अंगाएवढी लांब. मोकळ्या अंगणातून ते कधी जात नसे. कुंपणाच्या कडेकडेनं जाई. मध्येच मागच्या दोन पायांवर उभं राही आणि मान वळवून पाही, जशी एखादी बाई दारात उभी राहून रस्त्यानं कोण चाललं ते पाहते. पुढच्या नखांनी माती उकरून किडे काढी. विंचू सापडला तर आधी त्याला पंजांनी मातीत घोळून घोळून मारी आणि मग खाई. आमच्या घरात उंदीर दिसेनासे झाले ते त्याच्यामुळेच.

लोक म्हणतात, मुंगसाला एक वेल माहीत असते, ती खाल्ली की सापाचं विष उतरतं. मी तसं काही पाहिलं नाही. सापाशी त्याची झुंज मी एकदाच पाहिली. अंगावरचे केस फुलवून ते दुप्पट मोठं झालं होतं, आणि साप जिथं तोंड मारी तिथं ते नसे. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी साप थकला. वेलबिल काही नव्हती, थकवणंच होतं.

आमच्याकडे मुंगूस दिसणं चांगलं मानतात. पण नुसतं दिसून भागत नाही, त्यानं तोंड दाखवायला हवं. त्यासाठी त्याला देवाची आण घालायची. आमच्या घरी तर पेरणीच्या दिवशी सगळे मागच्या अंगणात जाऊन उभे राहतात. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते, तरी ही रीत सुटली नाही. मुंगूस होतं तोवर ट्रॅक्टरवाला रस्त्यावर हॉर्न वाजवत बसे आणि आम्ही मागे त्याची वाट पाहत उभे असू. शेजारीच वेगळी चूल असलेल्या थोरल्या जाऊबाई हात जोडून आण घालत. त्यानं वळून पाहिलं की मगच बियाण्याची पोती बाहेर निघत.

यंदा मुलगी सहावीला आहे. डिसेंबरात एक दिवस ती शाळेतून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "आई, मॅडमनं मले मुंगूस देलं."

"देलं म्हंजे?"

"त्याच्यावर इंग्रजीत बोलाचं हाय, पालक सभेच्या दिवशी. मॅडम म्हने, घराजवळचा प्राणी घ्या, मोबाईलवरून काढू नोका, घरच्याइले इचारा."

इंग्रजीच्या मॅडम पुसदच्या आहेत, दोन वर्षांपासून आमच्या शाळेवर आहेत. त्यांनी कोणाला गाय दिली, कोणाला सरडा. मुलीनं मुंगूस स्वतःच मागून घेतलं असणार. लहानपणी ती तासन्‌तास पऱ्हाटीजवळ बसायची.

मग आठ दिवस ती मला विचारत होती. मी भाकरी थापत असले की ती चुलीजवळ वही घेऊन बसे. ते काय खातं, कधी झोपतं, आवाज कसा काढतं. मी सांगायची आणि ती इंग्रजीत लिहायची. आजपर्यंत मुलीनं अभ्यासातलं मला काही विचारलं नव्हतं. विचारून उपयोग नाही हे तिला कळत होतं, आणि तिला कळतं हे मला. त्यामुळे त्या आठ दिवसांत मी खूश होते, हे लिहायला हवं. एकदा ती म्हणाली, "आई, इंग्रजीतबी त्याले मंगूसच म्हनते. मॅडम म्हने, इंग्रजाइनं आपलाच शब्द नेला."

जाऊबाई तिथंच लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नेला तं नेला. वापस कधी करतेत म्हना?"

आम्ही खूप हसलो.

नवव्या दिवशी मुलीनं सगळं उभ्यानं म्हणून दाखवलं. मला एक अक्षर समजत नव्हतं, पण ऐकायला छान वाटत होतं. मधूनमधून मंगूस यायचं, ते समजायचं. शेवटी शेवटी मदर, मदर असं दोनदा आलं. हा शब्द मला माहीत होता.

"माह्याबद्दल काय लिहिलं?"

"लिहिलं ना. मुंगूस लय जीव लावते पिल्लाइले. आमच्या घरामागं ऊन लागत होतं म्हून मुंगसानं पिल्लं एकेक करून तोंडात धरून नाल्यावर नेली. हे माह्या आईनं सोताच्या डोयानं पाह्यलं." ती माझ्याकडे पाहून हसली. "मॅडम म्हने, हेच सगळ्यात चांगलं वाक्य हाय."

माझ्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली.

मी असं काही पाहिलं नव्हतं. मी ते सांगितलं होतं.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली. मुलगी सुटीत महागावला मामाकडे गेली होती. जाऊबाईंच्या माहेरी काळ्या गावरान कोंबड्या आहेत. तिकडून त्यांनी अकरा अंडी आणली. त्यांची कोंबडी तेव्हा खुडूक नव्हती, माझी होती, म्हणून अंडी माझ्या कोंबडीखाली ठेवायला दिली. देताना म्हणाल्या, "पाह्यजो वं. मांगच्या खेपेले तुह्या हातून नासली होती."

मागच्या खेपेला वीज कडाडली होती, त्यानं अंडी नासली. त्यात माझा काय दोष? अंडी पदरात घेतली. मी प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढली, टोपलीत कुटाराचा भुसा पसरून त्यावर अंडी मांडली आणि कोंबडी बसवली. कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते. तेवढा वेळ टोपलीवर दुसरी टोपली पालथी घालायची आणि वर वजन ठेवायचं. पंधरा दिवस मी ते न चुकता केलं. सोळाव्या दिवशी वजन ठेवायला विसरले.

परत आले तर वरची टोपली लांब पडलेली. मुंगूस चौथऱ्याकडे पाठ करून उभं होतं. पुढच्या पंजांत अंडं धरून त्यानं ते दोन्ही मागच्या पायांमधून जोरात मागे फेकलं. अंडं दगडावर फुटलं. खाली टरफलं पडली होती, त्यांवर माझ्या कोळशाच्या रेघा दिसत होत्या. टोपलीत चार अंडी उरली होती, तीही गार, आणि कोंबडी पुन्हा त्यांवर बसायला तयार नव्हती.

मुंगसानं माझ्याकडे पाहिलं आणि ते कुंपणातून शेताकडे गेलं.

मला मुंगसाचा राग आला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला जाऊबाईंची भीती वाटत होती, आणि स्वतःच्या विसरण्याचा राग आला होता, आणि तो काढायला समोर बीळ होतं.

बिळात पिल्लं आहेत हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. काही दिवसांपासून मुंगसाची आचळं दिसू लागली होती. तेव्हापासून मनातल्या मनात मी त्याला ती म्हणायला लागले होते. सकाळी झाडताना चौथऱ्याजवळ वाकलं की आतून चिमणीच्या पिल्लांसारखा बारीक आवाज यायचा. आदल्या वर्षीची पिल्लंही मी पाहिली होती. आईच्या मागे एका ओळीत चालायची, एकाचं नाक दुसऱ्याच्या शेपटीला लावून. लांबून पाहिलं तर एकच लांबलचक जनावर चाललंय असं वाटायचं.

दुपारची वेळ होती, घरात सगळे झोपले होते. मी एक चपटा दगड आणून बिळाला लावला. फटी गाऱ्यानं लिंपल्या. वर बाभळीचे काटे टाकले. मे महिन्यातलं ऊन, गारा तासाभरात विटेसारखा झाला. हात धुऊन मी आत गेले.

संध्याकाळी ती आली. काटे बाजूला सारून ती गारा उकरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाऱ्यावर नखांच्या पांढऱ्या रेघाच रेघा होत्या. आतून आवाज येत होता.

त्याच सकाळी मी जाऊबाईंना अंड्यांचं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, की मुंगसानं खाल्ली. मला वाटलं आता सगळ्या घरासमोर माझा उद्धार होणार.

त्या म्हणाल्या, "खाल्ली तं खाल्ली. बाळंतीन असन बिचारी. भूक लागते त्याइलेबी."

एवढंच म्हणून त्या गुरांना पाणी दाखवायला गेल्या. मी चौथऱ्याकडे गेले. दगडाला हात लावला. आत पिल्लं होती, जिवंत होती, आवाज होता. आणि मी दगड काढला नाही. पहिल्या दिवशी मनात होतं की ती दुसरीकडून वाट काढेल. दुसऱ्या दिवशी मनात आलं, आता काढला तर कोणी पाहील आणि विचारेल, हा लावला कोणी. म्हणून नाही काढला. दुसरं कारण मी खूप शोधलं, सापडत नाही.

तिसऱ्या दिवशी आवाज नव्हता. ती पण आली नाही. चौथ्या दिवशी मी कुदळीनं दगड काढला. तीन पिल्लं होती, डोळे अजून उघडले नव्हते. निंबाखाली खड्डा करून मी ती पुरली. मुंगूस मला त्यानंतर दिसलं नाही.

मग पेरणीचा दिवस आला. सगळे मागे जाऊन उभे राहिले. मुलगी मामाकडून आली होती, ती सर्वांत पुढे होती. ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता. जाऊबाईंनी एकदा आण घातली, दोनदा घातली.

"काहून दिसून नाही राह्यलं वं आज?" त्यांनी मला विचारलं. मागच्या अंगणात सगळ्यात जास्त वेळ मीच असते.

मी म्हणाले, "गेली ते. पिल्लं घेऊन नाल्याकडं गेली. ऊन लागत असन."

"तू पाह्यलं?" मुलीनं विचारलं.

"पाह्यलं."

"कसं नेलं?"

"तोंडात धरून. एकेक करून."

जाऊबाईंनी चौथऱ्यालाच हात जोडले आणि पेरणी निघाली. त्या वर्षी पीक बरं आलं. काहीतरी वाईट होईल याची मी वर्षभर वाट पाहिली, पण कोणाला काही झालं नाही. झालं असतं तर माझा हिशेब फिटला असं मला वाटलं असतं.

तर तेच वाक्य आता मुलीच्या तोंडी इंग्रजीत बसलं होतं. पालक सभेला चार दिवस होते. ती रोज पाठ करायची. ती अंगणातून येरझाऱ्या घालत म्हणायची आणि मी आत काम करता करता मदर कधी येतं त्याची वाट पाहायची.

सभेच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, "ते शेवटचं वाक्य काढून टाक ना."

"काहून?"

"माह्यं नाव कायले पाह्यजे त्याच्यात?"

ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. "आई, तुले इंग्रजीतबी लाज वाटते का? तुले तं समजनारबी नाही, मंग कायची लाज?"

तिला वाटलं, माझा नेहमीचा बुजरेपणा आहे. मी तिला तसं वाटू दिलं.

सभेला मी आणि जाऊबाई गेलो. कापूस वेचायचा सोडून गेलो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या. मुलगी न अडखळता बोलली. प्रत्येक मुलाचं झालं की मॅडम त्याचा अर्थ मराठीत सांगत होत्या. आमच्या मुलीचा सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि हे तिच्या आईनं प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. ताई, जरा पुढे या ना."

जाऊबाईंनी मला मागून ढकललं. मी पदर सावरत उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "सांगा ना, कशी नेली तिनं पिल्लं?"

मी तेव्हा एवढंच म्हणू शकत होते की आता आठवत नाही. नेहमीसारखा घसा बंद झाला असता तरी चाललं असतं. तो नेमका त्या दिवशी उघडला. मी म्हणाले, मानेला धरून नेली. एक ठेवून परत आली. दुसरं नेलं. तिसऱ्याच्या वेळी ती थकली होती, पण आली. हे थकणं मी तिथंच, उभ्या उभ्या रचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बायांनी वाजवल्या. मुलीच्या तोंडावर जो आनंद होता तो मी तिच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही किती छान सांगता! शनिवारी सकाळी या. चौथीच्या मुलांना मुंगसाची गोष्ट सांगा. तुमची मुलगी सोपी सोपी इंग्रजी वाक्यं करून फळ्यावर लिहील, मुलं वाचतील."

घरी येताना जाऊबाई म्हणाल्या, "भल्ली बोलली वं तू! आमाले वाटे, घरात मुकी आनली."

मी हसले. घरी आल्यावर भांडी घासायला बसले, चौथऱ्याकडे पाठ करून.

शुक्रवारी दुपारी मुलगी शाळेतून आली आणि दारात बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलू लागली. मी तिच्याजवळ बसले. थोड्या शेंगा सोलल्या. मग म्हणाले, "पिल्लं नाल्यावर नाही नेली तिनं."

"कोनी सांगतलं?"

"कोनी नाही. म्याच बीळ बुजवलं होतं. अंडी खाल्ली म्हून. पिल्लं अंदरच मेली."

ती शेंग हातात धरून तशीच बसली. "मंग आता कुठं हायत?"

"निंबाखाली."

ती उठून निंबाकडे गेली. तिथं काही दिसण्यासारखं नाही, नुसती माती आहे. बराच वेळ ती खाली पाहत उभी होती. परत आली तेव्हा रडत नव्हती. रडली असती तर मी तिला जवळ तरी घेतलं असतं.

"म्या सगळ्या शाळेसमोर सांगतलं," ती म्हणाली. "माह्या आईनं पाह्यलं म्हून सांगतलं. अन् तू उठून टाळ्या घेतल्या."

मी शेंगा सोलत राहिले.

"उद्या काय सांगशीन?"

"तू म्हनशीन ते."

"म्या काहून म्हनू? म्या थोडीच होती इथं?" आणि ती सोललेले दाणे तसेच टाकून जाऊबाईंच्या घरी गेली. जेवायलाही तिकडेच थांबली. जाऊबाईंना तिनं काही सांगितलं नसावं, कारण त्या नंतर लोणचं मागायला आल्या तेव्हा नेहमीसारख्याच बोलल्या.

शनिवारी सकाळी ती माझ्याआधीच शाळेत निघून गेली होती. न जाण्याचं मला खूप वाटलं. ताप आला असं सांगता आलं असतं. पण मग तीच वाक्यं फळ्यावर राहिली असती आणि मुलीला ती खोटी आहेत हे माहीत असूनही लिहावी लागली असती. म्हणून गेले.

चौथीचा वर्ग. वीसेक पोरं थंडीनं आखडून बसली होती. मला खुर्ची दिली होती, पण मी उभीच राहिले. मुलगी खडू घेऊन फळ्याकडे तोंड करून उभी होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी सुरुवात केली. मुंगूस दिवसा फिरतं. मुंगसाची शेपूट लांब असते. एकेक वाक्य झालं की ती लिहायची, आणि पोरं मोठ्यानं, सूर लावून वाचायची. ते विंचू कसा खातं हे सांगितलं तेव्हा पोरं खूप खूश झाली. साप आला. वेलीचं एकानं विचारलं, मी म्हटलं, मी नाही पाहिली. मग अंडी आली. अंडं मागे कसं फेकतं हे मी करून दाखवलं आणि सगळा वर्ग हसला.

मग मी म्हणाले, "अंडी खाल्ली म्हणून मला राग आला आणि मी तिचं बीळ दगड लावून बुजवलं. आत तीन पिल्लं होती."

मॅडमनी वर पाहिलं. फळ्यावरचा खडू थांबला.

पहिल्या ओळीतल्या एका मुलीनं विचारलं, "मंग?"

"मेली."

"पन त्यादिशी तं तुमी म्हनलं, तोंडात धरून नेली."

"ते खोटं होतं," मी म्हणाले. "पिल्लं मेली हे मला माहीत होतं. मी खोटं सांगितलं. तुमच्या या ताईनं ते खरं मानून लिहिलं, तिची चूक नाही."

आणखी एकानं विचारलं, "अंडी तं तुमीबी खाता ना? मंग तिच्यावर काहून चिडल्या?"

मी म्हणाले, "हो, खाते." कोणी हसलं नाही.

मॅडम मुलीला म्हणाल्या, "लिही." मुलगी लिहू लागली. सावकाश लिहिलं, दोनदा पुसलं. पोरांनी ते आधीच्या वाक्यांसारखंच मोठ्यानं, सूर लावून वाचलं. त्यात मदर होतं. मी शेवटपर्यंत उभी राहिले.

सुट्टी झाल्यावर मॅडमनी मला पाणी दिलं. "बसा, ताई," एवढंच म्हणाल्या. जाऊबाईंना मी अजून सांगितलेलं नव्हतं, पण चौथीची वीस पोरं गावभर पोहोचायला किती वेळ लागतो? त्यांच्याकडे आधी जायचं असं मी ठरवलं आणि निघाले.

मुलगी पुढे चालत होती, मी मागे. आमच्यात दहा-बारा पावलं असतील. कापसाचं शेत लागलं, आमचंच आहे, ते ओलांडलं. तुरीच्या बांधाजवळ ती थांबली, पण वळली नाही.

"आई, आवाज येत होता का अंदरून?"

मला वाटत होतं, हे ती कधीच विचारणार नाही. नाही म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. तिला मानायचंच होतं, तिच्या पाठीवरून मला ते कळत होतं.

"येत होता."

"किती दिवस?"

"दोन दिवस."

"अन् तू घरीच होती?"

"घरीच होती."

ती तशीच उभी राहिली. मग चालू लागली, मघापेक्षा सावकाश. मी पुढे काही जोडलं नाही.